अप्पांची सकाळची गोळी

मागच्या महिन्यात अप्पांच्या हर्नियाचं ऑपरेशन ठरलं होतं. चार वर्षांपूर्वी अटॅक येऊन गेलाय, तेव्हापासून हृदयाचे ठोके आटोक्यात ठेवणारी मेटोप्रोलॉल ५० ही गोळी रोज सकाळी चालू. ऑपरेशनच्या आधी हॉस्पिटलमधून आईला फोनवर एवढंच सांगितलं की हार्टच्या गोळ्या पाच दिवस आधी बंद करा. म्हणायचं होतं रक्त पातळ करायची गोळी, पण आईने सगळी स्टीलची डबीच उचलून फ्रीजवर ठेवली, अन् आमच्यापैकी कुणालाच काही खटकलं नाही.

ऑपरेशनच्या सकाळी भूलतज्ज्ञ मॅडमनी मॉनिटर लावला, ठोके ११८. अप्पा म्हणाले धडधडतंय खूप. मॅडमनी विचारलं, मेटोप्रोलॉल शेवटची कधी घेतली? आईचं तोंड पांढरं पडलं. ऑपरेशन त्या दिवशी झालंच नाही, ईसीजी काढला, गोळी परत सुरू केली आणि दोन दिवस ठेवून घेतलं. त्या फोनचा मला अजून राग येतो. गोळीचं नाव घेऊन सांगायला कितीसा वेळ लागतो?

मॅडमनी नंतर नीट समजावलं. मेटोप्रोलॉल ही बीटा ब्लॉकर प्रकारची गोळी, ती ॲड्रेनॅलिनला, म्हणजे ताणात अंगात सुटणाऱ्या संप्रेरकाला, हृदयावर जोर करू देत नाही, म्हणून ठोके आणि बीपी आटोक्यात राहतं. पण गोळी बरेच दिवस चालू असली की शरीर ॲड्रेनॅलिन पकडणाऱ्या जागा वाढवून ठेवतं, मग गोळी एकदम बंद केली की त्या सगळ्या जागा मोकळ्या आणि हृदय सुसाट. आधीच अटॅक येऊन गेलेल्या माणसात यातून परत अटॅक येऊ शकतो.

हे ऐकून सात रस्त्याचे काका म्हणाले, मग हार्टवाल्या सगळ्यांनाच ऑपरेशनआधी ही गोळी द्यायची की! तसंही नाहीये काका. २००८ साली लॅन्सेटमध्ये पॉइज नावाचा अभ्यास आला, हृदयाची जोखीम असलेले ८३५१ पेशंट, ऑपरेशन हृदयाचं नाही तर दुसरंच, त्यात निम्म्यांना ऑपरेशनच्या काही तास आधी मेटोप्रोलॉल नव्याने सुरू केली आणि मोठ्या डोसमध्ये. अटॅक कमी झाले हे खरं, पण मृत्यू २.३ टक्क्यांवरून ३.१ वर गेले आणि पॅरालिसिसचे झटके दुप्पट, कारण बीपी फार खाली जायचं. म्हणून चालू असेल तर तोडायची नाही, अन् नसेल तर त्याच दिवशी सुरू करायची नाही, असं मॅडम दोनदा बोलल्या.

पंधरा दिवसांनी ऑपरेशन झालं. त्या सकाळी सहाला उपाशीपोटी, मॅडमनी सांगितलं तसं, घोटभर पाण्यासोबत आईने स्वतःच्या हाताने गोळी दिली आणि अप्पांनी गिळेपर्यंत समोरून हलली नाही. मॉनिटरवर ७०.