टिकली, छर्रे आणि हरिपूरचा रविवार

डिसेंबरातला रविवार. सकाळी सहाला साताऱ्यातून सांगलीला मॅचसाठी निघालो. डिकीत पिस्तुलाची पेटी, मागे झोपलेली लेक, पुढे बायको आणि तिच्या मांडीवर दशम्यांचा डबा. तह आदल्या रात्रीच झाला होता. "अकरापर्यंत तुमचं, अकरानंतर आमचं. गणपती, हरिपूर, भडंग. मध्ये मॅचबिच काढायची नाही."

मी १० मीटर एअर पिस्तूल खेळतो. ७५ मिनिटांत ६० शॉट, आणि दहा गुणांचा गोल ११.५ मिलिमीटरचा. वयाच्या अडतिसाव्या वर्षी लागलेलं खूळ आहे हे, ऑलिंपिक वगैरे काही नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्नील कुसाळेनं २०२४ ला पॅरिसमध्ये कांस्य घेतल्यापासून मात्र पाहुण्यारावळ्यांत मला उगाच मान वाढलाय. त्याची ५० मीटर रायफल, माझं पिस्तूल, पण सासूबाईंना कोण सांगणार!

सराव घरीच, पहाटे साडेपाचला, छर्रा न भरता. त्यासाठी भिंतीवर निशाण हवं होतं. १० मीटरवरचा ५९.५ मिलिमीटरचा काळा गोल दोन मीटरवर साधारण १२ मिलिमीटरचा लागतो. मी लेकीचा कंपास घेऊन कागदावर गोल काढत बसलो होतो. हिनं बघितलं आणि टिकल्यांचं पाकीट पुढे केलं. "यातली मोठी काळी बसतेय का बघा मापात." बसली. तेव्हापासून हॉलमध्ये घड्याळाखाली बायकोची टिकली आहे आणि येणारा प्रत्येक जण तिच्याबद्दल विचारतो.

कराड मागे पडलं, पेठ नाक्याला आत वळलो आणि उसाच्या ट्रॉल्या सुरू झाल्या. दोन ट्रॉल्यांच्या मागं पंधरा मिनिटं रांगत होतो. एरवी एवढ्यात आमचं किरकोळ भांडण होऊन जातं, पण मॅचच्या दिवशी गाडीत हप्ते, फी, नातेवाईक हे विषय बंद. नाडी वाढली की पिस्तुलाची पुढची साइट, म्हणजे नेम धरायची खूण, हलते, हे हिला मी एकदा सांगितलं होतं. तेव्हापासून ती सगळे विषय साठवून परतीच्या वाटेवर काढते.

सांगलीत पोचलो तर सगळं दोन तास मागं. साडेनऊची माझी डिटेल, म्हणजे नेमबाजांची तुकडी, साडेअकराला लागली. फोन बंद करून बॅगेत टाकावा लागतो. मायलेकी बाहेर बाकड्यावर बसलेल्या, पुढं काय झालं मला पत्ता नाही. एक वाजता बाहेर आलो तर बाकडं रिकामं. चार मिस कॉल आणि एक मेसेज: "गणपती झाला. हरिपूरला चाललोय रिक्षानं. जेवून घ्या."

खरं सांगतो, छर्रे, हवेचा सिलिंडर, प्रवास या खर्चावरून आमच्यात कधी वाजलं नाही. वाजतं ते अशा बाकड्यांवरून.

जेवलो नाही. तडक हरिपूर. चिंचांच्या सावलीतला रस्ता, पुढे संगमेश्वराचं देऊळ, खाली कृष्णा-वारणेचा संगम. हळदीच्या पेवांसाठी हे गाव प्रसिद्ध. जमिनीत खोल खणलेल्या त्या पेवांत २००५ च्या पुराचं पाणी शिरलं होतं. हे सगळं लेकीला दाखवीन म्हणून मी वाचून गेलो होतो. बघतो तर तीच मला सांगायला लागली, रिक्षावाल्या काकांनी आधीच सांगून टाकलेलं.

ही घाटाच्या पायरीवर, पाय पाण्यात सोडून. मी शेजारी बसलो. बराच वेळ कोणी बोललं नाही.

"पाचव्या सिरीजला गेलं ना?" तिनं पाण्याकडं बघतच विचारलं.

दहा-दहा शॉटच्या सहा सिरीज असतात. पाचवीलाच गेलं होतं. चाळीस शॉटनंतर माझा खांदा सैल पडतो. हे मी तिला कधी बोललो होतो, आठवत नाही. सहाशेपैकी ५३१ झाले, म्हटलं. ती "हं" म्हणाली आणि डब्यातली उरलेली दशमी माझ्या हातावर ठेवली.

येताना दोन किलो भडंग घेतलं. साठवलेले विषय आष्ट्याच्या अलीकडेच सुरू झाले. शाळेची फी झाली, नणंदेचं झालं. कराडला चहा पिताना शेवटचा निघाला.

"पुढच्या रविवारपासून मी अजिंक्यताऱ्यावर जाणारेय, सोसायटीतल्या बायकांबरोबर. हिचं दूध, पोहे तुम्ही बघायचं."

"जा की. किती वाजता?"

"साडेपाचला."


मी भडंगाची पिशवी उगाचच या हातातून त्या हातात घेतली.