आमची वाटचाल : ओरिलियातलं बोटींचं हिवाळी काम

ऑक्टोबरचा दुसरा सोमवार, म्हणजे कॅनडातला थँक्सगिव्हिंग, उलटला की ट्रेंट-सेव्हर्न जलमार्गाची लॉक, म्हणजे बोटींना वरच्या-खालच्या पातळीवर नेणारी पाण्याची दारं, बंद होतात. ओंटारिओ सरोवर ते जॉर्जियन बे असा हा ३८६ किलोमीटरचा मार्ग आमच्या ओरिलियाजवळ सिमको आणि कुचिचिंग या तलावांतून जातो. तो पुन्हा उघडतो थेट मे महिन्यात. मधे तलाव असा गोठतो की लोक बर्फावर खोपी उभारून मासे धरतात, रात्री पारा उणे २५ पर्यंतही उतरतो. एवढा काळ तुमची बोट सुखरूप राहावी, हा आमचा धंदा.

मी मूळचा रत्नागिरीचा. तिकडे १ जूनला मासेमारी बंद झाली की नौका किनाऱ्यावर ओढून शाकारतात, त्यामुळे बोट जमिनीवर असते तेव्हाच तिची खरी निगा राखायची, हे लहानपणापासून माहीत होतं. थंडीचं काम मात्र इथल्या एका मरिनाच्या, म्हणजे बोटी लावायच्या धक्क्याच्या, वर्कशॉपमध्ये नोकरी करताना शिकलो. २०१२ मध्ये ती नोकरी सोडली. आम्ही नवराबायकोनं एक जुनी व्हॅन घेतली आणि घरोघरी जाऊन ट्रेलरवरच्या बोटी तयार करून द्यायला लागलो. मरिनाच्या रांगेत थांबायला नको, म्हणून लोक आम्हाला बोलावत.

आमचं नाव झालं ते एका हट्टामुळे : आधी इंजिनातलं पाणी काढायचं, मग अँटिफ्रीझ, म्हणजे थंडीत गोठून इंजिन फोडणार नाही असं द्रव, भरायचं. ऐकायला साधं वाटतं, पण सगळं त्यातच आहे. पाणी गोठताना साधारण ९ टक्के फुगतं. अनेक इनबोर्ड, म्हणजे बोटीच्या आत बसवलेली, इंजिनं तलावाचंच पाणी आत ओढून थंड राहतात आणि बंद केल्यावर त्यातलं बरंच ब्लॉकमध्ये (इंजिनाच्या मुख्य ओतीव भागात) आणि मॅनिफोल्डमध्ये (धूर बाहेर नेणाऱ्या भागात) साचून राहतं. कडाक्याच्या एका रात्रीत बिडाचा ब्लॉक तडकतो. मालकाला ते कळतं वसंतात, पाणी मिसळून इंजिन ऑइल दुधाळ दिसतं तेव्हा.

बरेच जण बादलीतलं गुलाबी अँटिफ्रीझ चालू इंजिनला ओढायला लावतात आणि एक्झॉस्टमधून गुलाबी धार आली की काम झालं असं समजतात. पण इंजिन गरम झालेलं नसेल तर थर्मोस्टॅट, म्हणजे उष्णतेनं उघडणारी झडप, बंद असतो. अँटिफ्रीझ ब्लॉकमध्ये न शिरता परस्पर बाहेर पडतं आणि आतलं पाणी जागच्या जागी राहतं. डब्यावरचा उणे ४५ हा आकडाही नीट समजून घ्यायला हवा. तेवढ्या थंडीत पाइप फुटणार नाही, इतकंच तो सांगतो. पाणी मिसळलं की तेही खरं राहत नाही.

म्हणून आम्ही पाणी सोडायचं प्रत्येक बूच, म्हणजे ड्रेन प्लग, हातानं काढतो. व्ही-८ इंजिनाला ब्लॉकच्या दोन्ही बाजूंना एकेक असतो, मॅनिफोल्डचे वेगळे. प्लग काढूनही पाणी येत नसेल तर भोकात तार घालतो, कारण गंजाच्या खपल्या आणि वाळू तिथं बसलेली असते. तार फिरवली की भळकन पाणी येतं. हे काम उरकून होत नाही, म्हणून आमचा दर थोडा जास्त आहे आणि तो आम्ही कधी कमी केला नाही. मालकाला शेजारी उभं करून पाणी दाखवतो. सुरुवातीला काही जण दर ऐकून दुसरीकडे गेले. त्यातल्या एकाचा ब्लॉक पुढच्या वसंतात तडकलेला निघाला. आता त्याच्या घरच्या दोन्ही बोटी आमच्याकडे असतात.

गिअर ऑइलही आम्ही शरद ऋतूतच बदलतो, वसंतावर ढकलत नाही. ते दुधाळ निघालं तर सील गळतंय आणि आत पाणी आहे, हिवाळ्यात तेच गोठून गिअरचं कवच फोडेल. बॅटरी पूर्ण चार्ज करून ठेवतो. भरलेली बॅटरी इथल्या थंडीत गोठत नाही, उतरलेली उणे दहाच्या आसपासच गोठू शकते. आउटबोर्ड, म्हणजे बोटीच्या मागे बाहेर लावलेलं इंजिन, मात्र सोपं : उभं ठेवलं की त्यातलं पाणी आपोआप निथळतं.

पुढे गावाबाहेर जागा भाड्यानं घेतली आणि मोठ्या बोटीही येऊ लागल्या. त्यांचं वजन कीलखालच्या (बोटीच्या तळाच्या कण्याखालच्या) ठोकळ्यांवर असतं, बाजूचे स्टँड फक्त तोल धरतात. जमीन गोठते, सुटते, स्टँड सरकतात, म्हणून समोरासमोरचे स्टँड साखळीनं जोडतो. ताडपत्रीची दोरी स्टँडला बांधलेली मला अजिबात खपत नाही, वाऱ्यानं ताडपत्री फडफडली की स्टँडच ओढला जातो.

जानेवारी-फेब्रुवारीत उत्पन्न शून्य, ही आमची मोठी काळजी होती. ती माझ्या पत्नीनं सोडवली. शिवणकाम तिच्या हातातलं. तिनं जाड कापडाची मशीन घेतली आणि बोटींची छतं, कव्हरं शिवायला सुरुवात केली. आज आमच्या वर्षाच्या उत्पन्नाचा मोठा भाग तिच्या टेबलावरून येतो. श्रिंकरॅपही, म्हणजे उष्णतेनं आवळून बसणारं प्लास्टिकचं आवरण, आम्ही करतो, पण त्यात झरोके ठेवल्याशिवाय नाही, नाहीतर आतल्या ओलीनं गाद्यांना बुरशी धरते. श्रिंकरॅप दर वर्षी कापून फेकावा लागतो, तिचं कव्हर अनेक हिवाळे टिकतं. गिऱ्हाइकाला आम्ही ते आधी सुचवतो.

येत्या सप्टेंबरपासून, ज्यांना हे काम स्वतः करायचंय त्यांच्यासाठी शनिवारी सकाळी शेडमध्ये शिकवणी सुरू करतोय. सरावाला एक तडकलेला ब्लॉक ठेवला आहे. आपल्या इंजिनाचा मॉडेल नंबर तेवढा लिहून आणा, त्याचे सगळे ड्रेन प्लग कुठं आहेत ते आम्ही दाखवू.