बाबांनी मला सांगितलं नाही

संडासाची साखळी बाबांना ओढवेनाशी झाली होती, आणि ते मला बोलले नाहीत. काही केल्या मनातून जात नाही. मला कळलं ते कामाच्या मावशींकडून. "ताई, काकाजी मले रोज सांजच्याले बादली भरून ठेवाले सांगते. तुमाले सांगू नको म्हणे." मावशींना सांगितलं. मी भिंतीपलीकडे झोपते, मला नाही.

ओल्या फरशीवर, अर्ध्या झोपेत, हातात भरली बादली. पडले असते तर? हा विचार आला की पोटात खड्डा पडतो, आणि मग रागच येतो. नोकरी, घर, दवाखाना, सगळं मीच करते ना? मग हे एवढंसं सांगायला मीच परकी झाले?

नागपूरच्या महाल भागातल्या या घरात अजून ती उंचावरची बिडाची टाकी आहे. १०-१२ लिटरची. आत घंटेसारखं जड भांडं असतं. साखळी ओढली की ते उचललं जातं, सोडली की धप्पकन खाली बसतं, त्या दाबानं पाणी मधल्या नळीत चढतं आणि मग अख्खी टाकी खेचली जाते. म्हणजे पुरती ओढायची आणि झटक्यात सोडायची. बाबांची बोटं संधिवातानं वाकलेली. ते अर्धी ओढणार, हळूच सोडणार. नुसती गुळगुळ व्हायची.

दादाचं फोनवर एकच, "तोड ते, बटणवाली बसव." पण बटण दाबायला अंगठा लागतो, आणि बाबांचा अंगठाच आधी गेला. शिवाय ती टाकी आईनं... जाऊ दे.

प्लंबरनं आतले क्षार खरडले, वरची दांडी जिच्यावर फिरते त्या गंजलेल्या खिळीला तेल दिलं. इतवारीच्या लोहाओळीतून पट्टी आणून ती दांडी लांब केली. खिळीपासून साखळीचं अंतर दुप्पट झालं की जोर निम्मा लागतो. साखळी मात्र तेवढीच जास्त खाली यावी लागते, म्हणून मूठ बाबांच्या खांद्याच्या उंचीला घेतली. बोटांत रुतणारी ती लोखंडी कडी काढून जुन्या लाटण्याचा तुकडा आडवा बांधला. त्यावर पूर्ण पंजा बसतो, बोटं आवळावी लागत नाहीत.

काल बाबांनी ओढून पाहिलं. धो धो पाणी आलं. टाकी भरायची वाट पाहिली आणि पुन्हा एकदा ओढलं.

संध्याकाळी विचारलंच, "मला का नाही सांगितलं?"

"बापानं पोरीले काय काय सांगावं?" म्हणाले, आणि पेपर उघडला.

तेव्हापासून तेच घोळतंय. राग मात्र उतरला. माझ्याही कितीतरी गोष्टी त्यांना ठाऊक नाहीत, त्या जूनमधल्या रिपोर्टसकट. त्यांना मावशींशी बोलता येतं, तर बोलू देत. सकाळी मावशींना सांगून ठेवलंय, काकाजी जे सांगतील ते मला सांगत जा, आणि मला सांगता हे त्यांना कळू देऊ नका.