बिल्ले विकणारा बाबा

अमेरिकन लेखक-संपादक स्टुअर्ट ब्रँड काही डोक्यातून जात नाहीये. १९६६ साली हा बाबा अंगावर पाटी लटकवून २५ सेंटला एक असे बिल्ले विकत फिरत होता, त्यावर प्रश्न, अख्ख्या पृथ्वीचा फोटो अजून का नाही पाहिला आपण? लोक म्हणाले असतील, आला एक पिऊन! मग १९६८ मध्ये होल अर्थ कॅटलॉग काढला, कम्यूनमध्ये, म्हणजे एकत्र वस्ती करून राहणाऱ्या हिप्पींसाठी अवजारं, पुस्तकं, आणि त्यातच चक्क ४,९०० डॉलरचा ह्युलेट पॅकार्ड कॅल्क्युलेटर, आता शेतात राहणारा कोण घेणार होता देव जाणे. त्याच डिसेंबरात संगणक संशोधक डग्लस एंगलबार्टने सॅन फ्रान्सिस्कोत कॉम्प्युटरचा माउस चालवून दाखवला, तेव्हा त्याच्या मेन्लो पार्कच्या लॅबमधून थेट चित्र पाठवणाऱ्या कॅमेऱ्यामागे हाच. नंतर वयाची ऐंशी ओलांडली तरी दहा हजार वर्षं चालणाऱ्या घड्याळाच्या नादात, आणि मी इथे चाळिशीतच नवीन ॲप शिकायला कंटाळतोय.