तुम्ही रागवत का नाही?

माझ्या दातांच्या दवाखान्यात पेशंट खुर्चीवर आडवा झालेला असतो. सोबत आलेली बायको, आई नाहीतर सून दारातूनच मला खुणावते, ‘‘मॅडम, जरा रागवा बगा यांना. आमचं काय ऐकत नाहीत.’’ मी रागवले नाही की जाताना तीच पुन्हा विचारते, तुम्ही रागवत का नाही? परवा एकीने जरा घुश्शातच विचारलं. तुम्ही विचारलंत म्हणून सांगते.

रागवायचे की. सोलापुरात दवाखाना टाकल्यावर पहिली सात-आठ वर्षं भरपूर रागवले. यंत्रमागावर कामाला जाणारा चोवीस-पंचवीसचा एक मुलगा आईबरोबर आला होता. नेहमीचा मावा, म्हणजे चुना लावलेली सुपारी-तंबाखू. आपलीच तीन बोटं उभी करून तोंडात जातात का, हे आम्ही आधी बघतो. याची दोनही जाईनात. गाल आतून पांढरट आणि चामड्यासारखे ताठ. सुपारीने असं होतं. एकदा ताठरलेला गाल पूर्वीसारखा मऊ होत नाही, आणि त्यातून कॅन्सर होण्याची भीती असतेच. मी मोबाईलवर कॅन्सरचे फोटो उघडून दाखवले आणि पंधरा मिनिटं त्याला फैलावर घेतलं. आई खूश. तो प्रत्येक वाक्याला ‘‘होय मॅडम’’ म्हणत होता. पुढच्या तारखेला आला नाही, त्यानंतरही कधी आला नाही. तोंड उघडायचे व्यायाम शिकवायचे राहिले, गालाची तपासणी राहिली. माझं बोलून झालं होतं, एवढंच.

‘होय मॅडम’ ऐकू आलं की आता मी थांबते. समोरच्याने कान मिटल्याची ती खूण असते.

रागवण्याऐवजी जे करते ते माझं डोकं नव्हे. विल्यम मिलर नावाच्या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी दारू सोडवण्याच्या कामातून १९८३ मध्ये ही पद्धत मांडली. पुढे स्टीफन रॉलनिक यांच्यासोबत त्यांनी ती वाढवली. नाव मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंग. मर्म साधं आहे : माणसाच्या मनात सोडावं आणि राहू द्यावं असे दोघंही बसलेले असतात. तुम्ही ‘सोडा’च्या बाजूने भांडायला लागलात की तो बिचारा ‘राहू द्या’ची वकिली करतो, आणि स्वतःचंच बोलणं ऐकून आणखी पक्का होतो. म्हणून सोडण्याची कारणं त्याच्या तोंडून यायला हवीत. त्यासाठी ० ते १० आकडा विचारतात. आमच्याकडे वयस्क बायकांना तो आकडा परीक्षेसारखा वाटतो, म्हणून मी आण्यांत विचारते.

एक अक्का होत्या, विड्या वळणाऱ्या. दिवसातून चारदा मिश्री. मी विचारलं, ‘‘मिश्रीनं बरं काय वाटतं?’’ त्या बघतच राहिल्या. हे त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. मग खुलल्या. पोट साफ होतं, विड्या वळताना झोप येत नाही, भूक मारली जाते. मी मान डोलावत राहिले.

‘‘सोळा आण्यांत किती आणे सोडावंसं वाटतं?’’

‘‘चार आणे.’’

‘‘चार तरी का? काहीच नाही असं का नाही म्हणालात?’’

मला वाटलं, नातवंडांचं काहीतरी सांगतील. त्या म्हणाल्या, ‘‘भजनात मधीच थुंकायला उठावं लागतंय. पेटीवाली बघती माझ्याकडं.’’

कॅन्सर नाही, हिरड्या नाहीत. पेटीवाली! हे कारण मला सात जन्मांत सुचलं नसतं. ‘‘मिश्रीबद्दल दोन गोष्टी सांगू का?’’ असं विचारून मगच सांगितलं, आणि ‘‘तुम्हाला काय जमेल?’’ यावर गप्प बसले. ते गप्प बसणं सगळ्यात अवघड. भजनाच्या दिवशी दुपारनंतर नाही, असं त्यांनीच ठरवलं. दीड वर्षाने चारची एक झाली. सकाळची अजून आहे. कडक भाकरी चावता येते म्हणून त्या खूश आहेत, आणि मीही त्यांच्यापुढे तोंड पाडत नाही.

विडी-सिगारेट सोडणाऱ्यांना मात्र एक गोष्ट आधीच सांगून ठेवावी लागते. धुरामुळे हिरड्यांतून येणारं रक्त दबलेलं असतं. सोडल्यावर काही दिवस ते जास्त दिसू शकतं. हे सांगितलं नाही तर गडी म्हणतो, ‘‘ओढत होतो तेव्हाच बरं होतं.’’ तंबाखूच्या पुडीवर १८००-११-२३५६ हा सोडायला मदत करणारा फुकट नंबर छापलेला असतो, तोही त्याच्याच पुडीवर बोट ठेवून दाखवते.

हे सगळं पेशंटशी. दवाखान्यातल्या माणसांशी मी तशीच जुनी होते. आमची असिस्टंट बाहेर सगळ्यांदेखत एका बाईंना म्हणाली, ‘‘एवढे दात किडेपर्यंत काय करत होता?’’ मी तिला आत बोलावून चांगलंच झापलं. ती म्हणाली, ‘‘होय मॅडम.’’

ऐकून माझीच मला लाज वाटली. दुसऱ्या दिवशी चहा मागवला आणि विचारलं, तुला काय दिसतं ते सांग. तिला बरंच दिसत होतं. तेलुगू बोलणारे पेशंट आत मला ‘दोनदा ब्रश करतो’ सांगतात आणि बाहेर तिला त्यांच्या भाषेत खरं सांगून जातात. ब्रश कसा करायचा हे मी सांगते तेव्हा सगळे माना हलवतात, पण ब्रश हातात दिला की करवत चालवल्यासारखा आडवा चालवतात. तेव्हापासून ब्रशचं काम तिच्याकडे आहे. ती आधी त्यांनाच करून दाखवायला लावते, मग बोट धरून वळवते. रक्त येतं म्हणून जी जागा ते टाळतात, तीच हळू घासायला शिकवते.

माझा आवाज चढला तर काय करायचं, हेही तिनेच ठरवलंय. गेल्या महिन्यात एक निवृत्त मास्तर तिसऱ्यांदा तेच कारण घेऊन आले आणि माझी सुरुवात झाली, ‘‘तुम्ही शिकलेली माणसं...’’ ती काही बोलली नाही. पाण्याचा ग्लास आणला आणि मास्तरांना न देता माझ्या हातात ठेवला.