पेनीशचे गार पाणी आणि सरकती वाळू

मी पोर्तुगालमध्ये सर्फिंग करतो हे कळले की टिळक तलावावर पोहायला येणारी आमची मंडळी आधी थंडीचे विचारतात. "अहो, ऑगस्टात कसली आलीय थंडी?" असे परवाच एक काका म्हणाले. त्यांची शंका रास्त आहे. तिथे उन्हाळाभर उत्तरेकडून नॉर्ताडा वारा वाहतो. पृथ्वीच्या परिवलनामुळे त्याने ढकललेले वरचे पाणी किनाऱ्यापासून दूर सरकते आणि त्या जागी खालचे गार पाणी वर येते. त्यामुळे वाळूने पाय पोळत असतानाही पेनीश या तिथल्या किनारी गावात समुद्र 16 ते 18 अंशांच्या आसपासच असतो. आपल्या कोकणातले पाणी भर डिसेंबरातही याहून कितीतरी उबदार असते.

तरीही थंडीचे मला फारसे कौतुक नाही, कारण ती पैशाने सुटते: धडाला 4 आणि हातापायांना 3 मिलिमीटर जाडीचा वेटसूट घेतला की झाले. आदल्या दिवशीचा ओला सूट सकाळी अंगावर चढवणे हा मात्र छळच आहे. तो खांद्याशी अडकतो आणि पाठीवरच्या चेनची दोरी बधिर बोटांना सापडत नाही.

खरा कस लागतो तो वाळूपाशी. लाट साधारणपणे तिच्या उंचीच्या सव्वापट खोलीवर फुटते. खडकाळ तळ जागचा हलत नाही. वाळूचा दांडा, म्हणजे पाण्याखालचा वाळूचा लांबट उंचवटा, मात्र एका वादळात सरकतो आणि लाट फुटण्याची जागाही बदलते. शिवाय उधाणाच्या दिवसांत भरती-ओहोटीत पाण्याची पातळी सुमारे 3 मीटरने बदलत असल्यामुळे सकाळी सुरेख उलगडणारी लाट दुपारी त्याच जागी थेट किनाऱ्यावर आपटते. गावाच्या दक्षिणेच्या सुपरटुबोस किनाऱ्यावर उत्तरेचा वारा जमिनीवरून समुद्राकडे जातो आणि लाटेची भिंत उभी धरतो. 2009 मध्ये सर्फिंगच्या जागतिक दौऱ्यातील स्पर्धा तिथे झाली. तिथल्या नळीसारख्या पोकळ लाटा माझ्या आवाक्याबाहेरच्या, म्हणून मी उत्तरेच्या बालेआल किनाऱ्यावर जातो.

पाण्यात उतरण्याआधी ओहोटीच्या वेळी वरून निवांत पाहत बसावे, असे माझे ठाम मत आहे. दोन दांड्यांमधली जी पट्टी गडद दिसते आणि जिथे लाटा फुटत नाहीत, तिथून पाणी समुद्राकडे परतत असते. नवख्या पोहणाऱ्याला ती ओढ जिवावर बेतू शकते. बोर्डवाल्यांना मात्र तीच फुटणाऱ्या लाटांपलीकडे फुकटात पोहोचवते, आणि परतताना तिला आडवे जाऊन बाजूचा दांडा गाठावा लागतो.