दांडा नसलेली सायकल

"अहो, ती लेडीज आहे, मुलाला दांड्याची दाखवतो," असे दुकानदार म्हणाले आणि आवडलेल्या हँडलवरून माझ्या नऊ वर्षांच्या मुलाने ज्या घाईने हात मागे घेतला, ती घाई आज दिवसभर मला सलते आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस युरोप-अमेरिकेत सायकली चालवू लागलेल्या बायकांचे पायघोळ झगे अडकू नयेत, म्हणून तो दांडा खाली वाकवला गेला, मागच्या चाकाला जाळीही त्याचसाठी लागली. सरळ दांड्याने सांगाडा अधिक भक्कम होतो, हे खरे. पण त्यात पुरुषपण कुठले?

झगे गेले. कापडासाठी केलेली सोय मात्र माणसांची ओळख होऊन बसली.

दांड्यावरून टांग टाकताना तो संध्याकाळी दोनदा पडला. बदलून आणू या का, असे मी विचारले, तर त्याने ठामपणे नकारार्थी मान हलवली.